आईच्या शिक्षणाचा रकाना

नांदुऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी इंग्रजीचे क्लास घेते. बँकेच्या परीक्षा देणारी मुलं, लग्न ठरलेल्या मुली, दुकानात बसणारे दोन-तीन जण असे माझे विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी दिवाळी उलटल्यावर एक बाई भर दुपारी आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “मॅडम, तुमी एका वाक्याचा क्लास घेता का?”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. पस्तिशीची असेल. अंगावर धुऊन धुऊन विटलेली सुती साडी, डोक्याला बांधलेला रुमाल सोडून हातात धरलेला, बोटांना कापूस वेचताना बोंडांचे लागलेले ओरखडे. वडनेर भोलजीहून ती काळी-पिवळी जीपमध्ये बसून आली होती. मी कपाटातून एबीसीडी गिरवायचं पुस्तक काढलं, तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “ताई, आपण इथून सुरुवात करू. घाबरायचं नाही.” माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता आणि मी एकेक शब्द सुटा करून बोलत होते. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तिने पुस्तकाचं पहिलं पान पाहिलं, मिटलं आणि हळूच टेबलाच्या कडेला सरकवलं. मग पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे उलगडला.

तिची मुलगी नांदुऱ्याबाहेरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीला होती. शाळेने प्रत्येक मुलाची माहिती छापून घरी पाठवली होती. वाचा, सही करा, परत द्या. मुलीचं नाव, जन्मतारीख, रक्तगट. खाली ‘मदर्स एज्युकेशन’ असा रकाना होता आणि त्यात टाइप केलं होतं, ‘इल्लिटरेट’. म्हणजे निरक्षर. त्याच्याखाली ‘हाउसवाइफ’. आणि सगळ्यात खाली आईच्या सहीसाठी आखलेली रेघ.

“ह्याच्या खाली मले सही करा म्हणतेत,” ती म्हणाली.

मी विचारलं, तुमचं शिक्षण किती झालंय. बारावी सायन्स, ती म्हणाली. माहेर सोनाळ्याचं. अकरावी-बारावीला रोज सायकलने तालुक्याला जायची. जीवशास्त्र आवडायचं. बारावीचा निकाल लागला आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. नवरा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये गाडीवर ड्रायव्हर असतो, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. चार एकर शेत ती स्वतः करते. फवारणीच्या डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून औषध किती घ्यायचं, कधी मारायचं हे आसपासचे तीन-चार शेतकरी तिला विचारायला येतात. झाडात भिनणारं ‘सिस्टेमिक’ आणि अंगाला लागलं तरच कीड मारणारं ‘कॉन्टॅक्ट’ औषध यांतला फरक तिने मला त्या दिवशी पाच मिनिटांत समजावून सांगितला. मी एम. ए. झालेली बाई, मला तो माहीत नव्हता.

मी एबीसीडीचं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. तिने ते पाहिलं.

हा कागद हातात पडण्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. शाळेत जुलैपासून शिष्यवृत्ती परीक्षेसाठी जादा तास सुरू झाले होते. मुलीला त्यात बसायचं होतं. तिची निवड झाली नाही. बाईने वर्गशिक्षिकेला फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या की घरी अभ्यास घेणारं कोणी असेल अशाच मुलांना घेतलंय. हिने सांगितलं, मी घेते की अभ्यास. तर पलीकडून हसू आलं. “ताई, इंग्लिश मीडियम आहे,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते हसू काय होतं ते हिला कळलं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर कागद आला, तेव्हा कळलं.

“औषधाच्या डब्याले लेबल लावाच्या आधी तपासणी तरी करतेत, मॅडम. मले कोणी इचारलंबी नाई.”

तिला शाळेत जाऊन हे बोलायचं होतं, आणि इंग्रजीत बोलायचं होतं. मराठीत बोललं तर वऱ्हाडी बाई तावातावाने काहीतरी बोलून राहिली म्हणून सोडून देतील, असं तिचं म्हणणं. त्यांच्याच भाषेत एक वाक्य, नीट, न अडखळता. तेवढं मला शिकवा.

मला राग आला होता आणि त्यातला बराचसा जुना होता, हे मी इथे कबूल करते. माझं माहेर पिंपळगाव राजाचं. बी. एड. झाल्यावर मी अशाच एका शाळेत मुलाखतीला गेले होते. वर्गावर धडा घेतला, तो चांगला झाला, असं त्यांनीच सांगितलं. मग चहा पिता पिता माझ्या तोंडून ‘का’ऐवजी ‘काऊन’ निघालं. एवढंच. समोरचे गृहस्थ गोड हसले आणि म्हणाले, आमच्या पालकांची अपेक्षा जरा वेगळ्या भाषेची असते. मी मान हलवली, आभार मानले, घरी आले. आभार कशाचे मानले? त्यानंतर मी क्लास सुरू केला आणि क्लासमध्ये पुस्तकातली मराठी बोलायला लागले. घरी आईशी वेगळं, विद्यार्थ्यांशी वेगळं. वर्षानुवर्षं. माझ्यासमोर बसलेल्या बाईला मात्र तसं दोन तोंडांनी बोलणं जमत नव्हतं, किंवा तिला ते करायचंच नव्हतं.

मी तिला पहिलं वाक्य दिलं. तुम्ही लिहिलं आहे की मी निरक्षर आहे. सोपं, सरळ. तिने वहीत लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“हे नाई. लिवलं तं लिवलं. पण त्यायनं लिवाच्या आधी ठरवलं. माह्याकडं पायलं, माही साडी पायली, बोलणं आयकलं, अन् ठरवलं का ही अशी. त्याच्यासाठी शब्द नाई का इंग्रजीत?”

होता. मी तो कितीदा शिकवला होता. परीक्षेत रिकामी जागा भरा म्हणून येतो. ‘पुट डाऊन अ‍ॅज’. एखाद्या माणसाला, नीट माहिती नसताना, अमुक एका प्रकारचा म्हणून धरून चालणं. त्याला पाहिलं आणि आपल्या मनातल्या यादीत एका नावाखाली नोंदवून मोकळं झालं. मी फळ्यावर लिहिलं आणि नेहमीसारखं सांगितलं की ह्यातला प्रत्येक शब्द सुटा धरला तर अर्थ लागत नाही, तिन्ही मिळून एक अर्थ होतो.

“पुट म्हंजे ठेवणं,” ती म्हणाली. “डाऊन म्हंजे खाली.”

मी म्हणाले, हो, पण इथे खाली ठेवणं असा अर्थ नाही. इथे कागदावर उतरवून घेणं, नोंदवणं, असा आहे.

ती फळ्याकडे बघत राहिली. “लागते तं अर्थ. खालीच ठेवलं.”

मी वाद घातला नाही. ‘पुट डाऊन’चा अपमान करणं असाही एक अर्थ आहे, तो मी तिला सांगितला. तोही तिने वहीत लिहून घेतला.

मग माणूस कुठे येतो ते शिकवलं. ‘पुट’ आणि ‘डाऊन’च्या मध्ये. ‘पुट मी डाऊन’. ‘पुट हर डाऊन’. कोणाला ते मध्ये, आणि काय म्हणून ते शेवटी, ‘अ‍ॅज’च्या पुढे. भूतकाळात ‘पुट’चं रूप बदलत नाही, हेही सांगितलं. ह्याच्यावर तिने विचारलं, मग त्यांनी हे कधी केलं हे कसं समजायचं? मी विचारलं, हा फॉर्म कधी भरला होता? मुलगी नर्सरीत असताना, ती म्हणाली. तेव्हा प्रवेशाच्या वेळी खिडकीवरच्या माणसाने मुलीचा जन्मदाखला घेतला, आधार घेतलं आणि बाकीचं आम्ही भरतो म्हणून सांगितलं. म्हणजे सात वर्षं ती बाई त्या शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये निरक्षर होती. सात वर्षं रोज रात्री मुलीची इंग्रजीची वही तपासत होती आणि सात वर्षं निरक्षर होती.

एका वाक्याचा क्लास तीन आठवडे चालला. मंगळवारी आणि शुक्रवारी, वेचणीतून वेळ काढून ती यायची. वाक्य आम्ही असं ठरवलं: ‘यू पुट मी डाऊन अ‍ॅज इल्लिटरेट विदाउट आस्किंग मी.’ मला न विचारताच तुम्ही मला निरक्षर ठरवलंत. ‘इल्लिटरेट’ तिच्या जिभेवर अडखळत होतं. मी म्हटलं, त्याऐवजी सोपा शब्द घालू या. तिने ऐकलं नाही. त्यांनी जो शब्द लिहिला तोच मी त्यांना वाचून दाखवीन, म्हणाली. काळी-पिवळीत खिडकीपाशी बसून ती तो शब्द पुटपुटत यायची. एकदा शेजारच्या म्हातारीने तिला विचारलं म्हणे, कोणता मंत्र म्हणून राह्यली बाई?

सराव म्हणून मी तिला स्वतःची वाक्यं करायला सांगितली. माझे नेहमीचे विद्यार्थी पुस्तकातली वाक्यं करतात. पुस्तकातला कोणी एक पुस्तकातल्या दुसऱ्याला मूर्ख समजतो. हिने पुढच्या वेळी वहीत चार वाक्यं आणली. सासूबाईंनी मला आळशी ठरवलं. मोठ्या जावेने मला गर्विष्ठ ठरवलं. कृषी विभागाचा माणूस आला आणि त्याने मला शेतकऱ्याची बायको ठरवलं, मालक कुठे गेले म्हणून विचारलं; मी शेतकरी आहे. हे तिसरं तिने इंग्रजीत इतकं अचूक लिहिलं होतं की मी लाल पेन टोपण लावून ठेवलं.

चौथं वाक्य तिने मला वाचून दाखवलं नाही. वही पुढे केली. ‘मॅडम पुट मी डाऊन अ‍ॅज ए बी सी डी.’

व्याकरणाने ते वाक्य बरोबर नाही. मी ते दुरुस्त केलं नाही. खोलीत त्या वेळी आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, “हाव ताई. चुकलंच माहं.” कितीतरी वर्षांनी त्या खोलीत मी असं बोलले. ती म्हणाली, तुमी पुस्तक वापस ठेवलं न. त्यायनं ठेवलं नाई.

शनिवारी पालकसभा होती. मी सोबत यावं, असं तिला वाटत होतं. पण एका अटीवर. मागे बसायचं आणि मध्ये बोलायचं नाही. आदल्या दिवशी मी तिला भीत भीत सुचवलं की जरा बरी साडी नेसली तर बरं पडेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला शब्द परत घ्यावासा वाटला.

“हेच कपडे पाहून त्यायनं लिवलं न? मंग हेच कपडे पाहून खोडू द्या.”

शाळेत एका हॉलमध्ये वर्गनिहाय टेबलं मांडली होती. पाचवीच्या टेबलावर वर्गशिक्षिका आणि त्यांच्या शेजारी कोऑर्डिनेटर मॅडम होत्या. रांगेत पुढे शहरातले पालक होते, त्यांच्याशी दहा-दहा मिनिटं बोलणं चाललं होतं, हसणं चाललं होतं. आमचा नंबर आला तेव्हा वर्गशिक्षिकेने प्रगतिपत्रक उलटं करून पुढे सरकवलं, पेन दिलं आणि बोट ठेवून दाखवलं की सही इथे. बोलल्या काहीच नाहीत.

तिने पेन खाली ठेवलं. पिशवीतून तो कागद काढला, टेबलावर पसरला, रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “यू पुट मी डाऊन अ‍ॅज इल्लिटरेट विदाउट आस्किंग मी.”

एकही शब्द अडखळला नाही. मी मागच्या खुर्चीवर मुठी आवळून बसले होते.

कोऑर्डिनेटर मॅडमने कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा लावते, माझ्या खांद्याला पर्स होती. तेवढं पुरलं. “मॅडम, आपण यांच्या कोण?” त्यांनी मला विचारलं. मराठीत, आणि अगदी आदराने.

इंग्रजी वाक्य जिने उच्चारलं ती समोर बसली होती आणि उत्तर मला मिळत होतं.  बोलायचं नाही असं कबूल केलेलं नसतं तर मी त्या हॉलमध्ये काय काय बोलले असते ते मलाच माहीत. मी फक्त बोटाने समोरच्या खुर्चीकडे दाखवलं.

ती मागे वळलीही नाही. तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं, तितक्याच आवाजात. मग वऱ्हाडीत म्हणाली, “मी बोलून राह्यली. माह्याशी बोला.”

आता बाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या की ही कॉम्प्युटर एन्ट्रीची चूक असेल, मनावर घेऊ नका, फक्त फॉर्मॅलिटी असते. बाईने विचारलं, फॉर्मॅलिटी असेल तर माझ्या मुलीला जादा तासाला का घेतलं नाही? वर्गशिक्षिकेने मान खाली घातली. त्या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या. मग फोनवर काय सांगितलं होतं, ते तिने शब्दाला शब्द सांगितलं. हसू आलं होतं, तेही सांगितलं. वर्गशिक्षिकेचं वय पंचवीस-सव्वीस असेल. तिचा चेहरा पडला, आणि मला तिची दया आली नाही.

आम्हाला ऑफिसात पाठवलं. तिथल्या क्लार्कने मुलीचं नाव टाकून माहिती उघडली, ‘इल्लिटरेट’ पुसलं आणि विचारलं, काय टाकू? बारावी सायन्स टाका, ती म्हणाली. ऑक्युपेशनमध्ये फार्मर टाका. त्याने टाकलं. दोन मिनिटांचं काम होतं. सात वर्षांत दोन मिनिटं कोणाला मिळाली नाहीत.

आम्ही उठत होतो. क्लार्क साधा माणूस असावा, किंवा त्याला ओझं झालं असावं. तो खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, तुमचंच एकटीचं नाही. त्या साली अ‍ॅडमिशनची गर्दी होती. तुमच्या रूटच्या बसने येणाऱ्या सगळ्या पोरांचं असंच भरलेलं आहे.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. शाळेची एक बस त्या बाजूच्या खेड्यांतून मुलं गोळा करते. त्या बसमध्ये जी मुलं चढतात, त्यांच्या आया निरक्षर. टाइप करणाऱ्याने कोणाचा चेहरासुद्धा पाहिला नव्हता. साडी पाहिली नव्हती, बोलणं ऐकलं नव्हतं. बसचा नंबर पाहिला होता. आम्ही तीन आठवडे वाक्य घोटलं ते एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाहून काही ठरवलं असं समजून. इथे तेवढाही त्रास कोणी घेतला नव्हता. एक शब्द टाइप करून माउसने सगळ्या नावांपुढे खाली खाली ओढत नेला होता.

ती पुन्हा खुर्चीवर बसली. मग सगळ्यांचं दुरुस्त करा, म्हणाली. क्लार्क म्हणाला, तसं करता येत नाही, ज्याचं त्याने अर्ज देऊन करावं लागतं. मग कोरे फॉर्म द्या, ती म्हणाली. वर विचारावं लागेल, तो म्हणाला. विचारा, मी बसली हाये, ती म्हणाली. आणि बसली. तासभर बसली. मी तिच्या शेजारी बसले. प्राचार्य दोनदा दारातून डोकावून गेले. शेवटी शिपायाने फॉर्मचा गठ्ठा आणून दिला.

पुढच्या रविवारी मी वडनेरला तिच्या घरी गेले. ओट्यावर सतरंजी टाकली होती. बारा-तेरा आया आल्या होत्या, काही शेतातून तशाच. एकीने दहावी केली होती. एकीचं डी. एड. झालं होतं आणि ती अंगणवाडीत मुलांना शिकवत होती. तिच्याही रकान्यात तोच शब्द.  एक चौथी शिकलेली होती, तिने विचारलं की चौथी लिहिली तर पोराला त्रास होईल का, त्यापेक्षा आहे तेच राहू द्यावं का. हे ऐकून मला जेवढा संताप आला तेवढा शाळेतही आला नव्हता. स्वतःची चौथी लपवावी असं त्या बाईला वाटायला लावलं कोणी?

आणि एक खरोखरच शाळेत न गेलेली होती. ती कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. तिचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, “माहं तं बराबरच लिवलं त्यायनं.”  मग तीच पुढे म्हणाली की आम्ही पाच बहिणी, गावात शाळा चौथीपर्यंत, आणि लहान भावंडं सांभाळायला कोणीतरी घरी लागायचं. तर ते लिहिता येईल का? मी म्हणाले, रकान्यात तेवढी जागा नाही. जिच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो ती सोनाळ्याची लेक माझ्या हातातून पेन घेऊन म्हणाली, बाजूला लिहू. आणि रकान्याच्या बाजूला, कागदाच्या समासात, तिने मराठीत लिहिलं: शाळेत पाठवलं नाही. त्याच्याखाली त्या बाईने अंगठा दिला.

सोमवारी ते सगळे फॉर्म बसमधून मुलांच्याच दप्तरात शाळेत गेले. क्लार्कने ते भरले का, समासातलं काय केलं, मला माहीत नाही. पुढच्या जूनमध्ये छापून आलेल्या कागदावर आईच्या शिक्षणाचा रकाना कोरा होता आणि पालकांनी स्वतः भरावा असं कंसात लिहिलं होतं. सगळ्या शाळेसाठी, शहरातल्या पालकांसाठीही. ह्याला बदल म्हणतात, असं मला एक ओळखीचे मास्तर म्हणाले. असेल. पण कोणी दिलगिरीचं एक अक्षर लिहिलं नाही. फोन केला नाही. डी. एड. झालेल्या बाईला कोणी भेटून म्हणालं नाही की चुकलो. उलट सभेनंतरच्या आठवड्यात वर्गशिक्षिकेने वर्गात मुलीला सुनावलं की तुझी आई फार भांडखोर आहे.

मुलीने घरी येऊन ते सांगितलं. मी पेटले, म्हटलं चला पुन्हा. बाई शांत होती. म्हणाली, राहू द्या. हे निदान मला पाहून ठरवलंय.

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. तिला समाधान मानायची सवय आहे, मला नाही. किंवा मला उशिरा राग यायला लागला आणि आता तो थांबत नाही. नांदुऱ्याच्या बाजारात कोऑर्डिनेटर मॅडम भेटल्या की अजून मला नमस्कार करतात आणि ‘तुमच्या त्या स्टुडंट’ कशा आहेत, विचारतात. मी दर वेळी सांगते की त्या माझ्या विद्यार्थिनी नाहीत, तुमच्या शाळेच्या पालक आहेत.

मुलीला डिसेंबरमध्ये जादा तासाला घेतलं. फेब्रुवारीत परीक्षा झाली. ती पास झाली, पण शिष्यवृत्तीच्या यादीत थोडक्यात आली नाही. मी म्हणते, जुलैपासूनचे पाच महिने तिचे गेले, म्हणून. तिची आई म्हणते, तसं नाही, अपूर्णांकात चुकली, आता रोज संध्याकाळी अपूर्णांक घेते तिचे.